वेरूळचे दाजी

आमचे दाजी उलटे चालायचे. वेरूळच्या लेण्यांत गाइड म्हणून त्यांची उभी हयात गेली. पाहुण्यांकडे तोंड ठेवायचं, हात हवेत फिरवत बोलत राहायचं आणि पाठीने वाट काढत मागे मागे सरकायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातसुद्धा ओसरीवरून स्वयंपाकघराकडे जाताना ते आमच्याकडे तोंड करूनच जात. उंबरा आला की पाय आपोआप उचलला जाई. माझ्या थोरल्या बहिणीला, मंगलला, बघायला ते बिडकीनला आमच्या घरी आले, तेव्हा निघताना असेच बोलत बोलत अंगणाबाहेर पडले आणि दारात बांधलेल्या म्हशीला जाऊन धडकले. म्हशीने मान वळवून बघितलं. दाजींनी तिला हात जोडले. मंगल, म्हणजे आमची अक्का, दाराआडून बघत होती. तिला हसू आवरेना. होकार तिथेच ठरला, असं आमच्या घरात सांगतात.

त्यांचं नाव उत्तमराव. पण आम्हा भावंडांत बहीण एकच, त्यामुळे दाजीही एकच, आणि माझ्या मित्रांपासून शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांचे ते दाजीच झाले. शिक्षण जेमतेम मॅट्रिक. मराठी आमच्या मराठवाड्यातली, हिंदी उर्दू वळणाची, इंग्रजी कामापुरती, आणि जपानी पाहुण्यांसाठी पाठ केलेली चार वाक्यं, ज्यांचा अर्थ त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नसावा. आवाज मात्र असा की कैलास लेण्याच्या चौकात ते हळू बोलले तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाई. पुढे अजिंठा गाठायचा म्हणून पाहुणे घड्याळ बघू लागले की दाजी थांबत, तळहात भिंतीला टेकवत आणि म्हणत, "घाई करू नका. दगड कुठं जात नाय." लोक हसत आणि थांबत. हे वाक्य ते घरीही घेऊन यायचे. छत गळू दे, नाहीतर ज्योतीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, शाळेतून बोलावणं येऊ दे, दाजींचं उत्तर ठरलेलं, "घाई कशाला? व्हईल." अक्का चिडायची, पण बरीचशी कामं खरंच होऊन जायची.

मी तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, एका शाळेत गणित शिकवत होतो आणि सिडकोत खोली घेऊन राहत होतो. एकदा नववीची सहल वेरूळला नेली. एका लेण्यात दगडातली स्त्रीपुरुषांची जोडपी बघून पोरं कोपराने एकमेकांना ढोसू लागली. बरोबरच्या बाईंनी मुलींना लगबगीने पुढे काढलं. दाजींनी त्यांना थांबवलं. म्हणाले, "बाई, बघू द्या त्यांना. घडवणाऱ्यानं चोरून घडवलं नाय, मग आपण चोरून कशाला बघायचं?" मग मुलांकडे वळून म्हणाले, "ह्याचा हात तिच्या खांद्यावर कसा हाय, बघा. जोर नाय त्यात. विचारून ठेवल्यावानी हाय." पोरं गप्प झाली आणि खरोखरच तो हात बघू लागली. मला दाजींचा अभिमान वाटला. शरीराबद्दल इतकं सरळ बोलणारा दुसरा माणूस आमच्या नात्यागोत्यात मी पाहिला नव्हता.

ज्योतीच्या पाठीवर त्यांना मुलगा झाला, नितीन. सुटीच्या दिवशी तो बापाबरोबर लेण्यांत जायचा आणि पाहुण्यांच्या मागे उभा राहून बापाची सगळी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचा. दाजींचं लक्ष पाहुण्यांवर असलं तरी डोळे वरचेवर त्या ओठांकडे जात. अक्का म्हणायची, ह्यांना पोराचं इतकं वेड की ताट वाढलं तरी तो शेजारी बसल्याशिवाय घास उचलत नाहीत.

नितीन दुसरी-तिसरीत असताना हिवाळ्यात त्याला ताप आला. दिवस गर्दीचे, आणि त्या दिवशी मुंबईहून आलेला एक मोठा गट दाजींच्या नावावर लागलेला होता. सकाळी अक्का म्हणाली की पोराला शहरात दवाखान्यात नेऊ. दाजींनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि साधा ताप आहे, संध्याकाळी नेऊ, असं सांगून ते कामाला गेले. दुपारी पोराला झटके आले. शेजाऱ्यांच्या जीपमधून अक्काने त्याला शहरात आणलं. मोबाइल तेव्हा आलेले नव्हते. एक जण दाजींना शोधायला लेण्यांत गेला, तर दाजी गट घेऊन अगदी पलीकडच्या टोकाला, जैन लेण्यांत पोचलेले. ते दवाखान्यात आले तेव्हा मी दारातच उभा होतो. मला काही सांगावं लागलं नाही.

ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तरी खात्री देता आली नसती. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी दाजींना पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. ते रडलेही नाहीत. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ते लेण्यांत कामाला गेले. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. अक्काने त्या सकाळबद्दल नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. लोक म्हणाले, बाई समजूतदार आहे. मलाही तसंच वाटलं.

त्या घरात त्यानंतर जे झालं ते बाहेरून कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. नितीनचं नाव निघेनासं झालं. त्याचं दप्तर कुणी उचललं, कुठे ठेवलं, कुणी विचारलं नाही. अक्का आतल्या खोलीत ज्योतीजवळ झोपू लागली आणि पुढे तेच कायम झालं. लेण्यांतले दाजी पहिल्यापेक्षा जास्त बोलत, जास्त हसवत. फक्त ते दगडाचं आणि घाईचं वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. आमच्याकडे आले की पाय हलवत बसत, चहा अर्धा टाकून उठत. नंतर येणंही कमी झालं. अक्का निरोप पाठवायची की हे शहरात मुक्कामाला आहेत, पाहुण्यांचा गट आहे, तर तुझ्याकडे जेवायला येतील. ते यायचे नाहीत. एकदा आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाने चाचरत सांगितलं की तुमचे दाजी स्टेशनाकडच्या एका लॉजच्या जिन्यात दिसले, आणि ती जागा काही चांगली नाही. मी त्याला म्हणालो की पाहुण्यांची सोय बघायला गेले असतील. त्याने हो म्हटलं. पुढचे काही दिवस आम्ही दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं नाही.

नितीनला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. दाजींना बारीक ताप येत होता, वजन उतरलं होतं, आणि मग पाठीवर नागीण उठली. एका दुपारी मधल्या सुटीत ते माझ्या शाळेत आले. याआधी कधी आले नव्हते. चहाला चला म्हटलं तर नको म्हणाले. जिथं कुणी ओळखत नाय अशा जागी जाऊ, म्हणाले. बीबी का मकबऱ्याच्या बागेत तर राखणदारापासून फुगेवाल्यापर्यंत सगळे त्यांना ओळखणारे. शेवटी आम्ही हिमायत बागेत गेलो आणि आंब्यांच्या सावलीत, वाटेपासून आत, जमिनीवर बसलो.

बराच वेळ ते आंब्याच्या जुन्या झाडांबद्दल बोलत राहिले. मी ऐकत राहिलो. मग त्यांचं बोलणं मधेच थांबलं.

"मास्तर," ते म्हणाले. ते मला मास्तर म्हणत. "मला एचआयव्ही निघालाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. वाळलेलं पान बोटांनी चुरत होते. त्या काळात या नावाची भीती काय होती, हे आज सांगून खरं वाटणार नाही. माझ्या मनात पहिला विचार अक्काचा आला. मी तिचं नाव घेतलं. ते म्हणाले की त्यासाठीच आलो आहे, डॉक्टरांनी तिलाही तपासायला सांगितलं आहे आणि मला तिला सांगता येत नाही. मग मी काही न विचारता ते आपण होऊन बोलू लागले. बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडून मेहुण्याने जे कधी ऐकू नये, ते मी त्या दुपारी ऐकलं. माझे कान तापले होते. उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"पैल्यांदा गेलो तवा मला बाई नको व्हती," ते म्हणाले. "कुणाच्या तरी कुशीत तोंड घालून रडावं, एवढंच व्हतं. रडू आलं नाय. मग दुसरंच झालं. तिथं मला कुणी वळखत नव्हतं. तिथं मी त्या पोराचा बाप नव्हतो. घंटाभर बरं वाटायचं. खाली उतरलो की स्वतःची किळस यायची, आन् किळस आली की पुन्हा तिथंच जावं वाटायचं."

मी विचारलं की भिंतीभिंतीवर, बसवर एवढ्या जाहिराती आहेत, निरोध वापरा म्हणून सांगतात, ते तुम्हाला माहीत नव्हतं का. मला वाटलं होतं, ते म्हणतील, दारू प्यालो होतो, किंवा लक्षात आलं नाही.

"माहीत व्हतं," ते म्हणाले. "ती बाईच म्हणायची, साहेब, हे वापरा. मीच नाय म्हणायचो. मला काय व्हईल ते व्हऊ दे, असं वाटायचं. कुणीतरी शिक्षा द्यायला पायजे व्हती ना, मास्तर. घरात कुणी देत नव्हतं."

मग ते म्हणाले की तिच्याकडून मला आलं की माझ्याकडून तिला गेलं, हे कळायला मार्ग नाही. आजार कळल्यावर ते त्या लॉजवर तिला सांगायला गेले होते. ती तिथून गेलेली होती. कुठे गेली, कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं खरं नावही आपल्याला माहीत नाही, असं म्हणताना त्यांची मान इतकी खाली गेली की मला फक्त त्यांचे पिकलेले केस दिसत होते. लेण्यांतल्या पोरांना दगडाच्या हाताबद्दल सांगणारा माणूस तो हाच.

अक्काला तू सांग, असा त्यांचा आग्रह होता. मी नाही म्हणालो. हे तिने तुमच्याच तोंडून ऐकलं पाहिजे, मी फक्त शेजारी बसेन, असं सांगितलं. ते तयार झाले.

रविवारी मी वेरूळला गेलो. ज्योतीला मैत्रिणीकडे पाठवलं. अक्का ओसरीवर मेथी निवडत बसली होती. आम्ही दोघे तिच्यासमोर बसलो तेव्हाच तिने ओळखलं असणार की काहीतरी आहे, पण हात चालू ठेवले. उभा जन्म बोलण्यावर काढलेल्या त्या माणसाला वाक्यं जुळवता येईनात. एक शब्द पुढे, दोन मागे. तरी त्यांनी काही लपवलं नाही. लॉज सांगितलं, आजार सांगितला, तुला तपासावं लागेल, हेही सांगितलं. मी भिंतीकडे बघत होतो. आतून वाटत होतं की जमीन दुभंगावी आणि आम्ही तिघेही तिच्यात जावं.

अक्काने जुडी संपेपर्यंत मेथी निवडली. मग परात बाजूला सरकवली.

"मी म्हणलं व्हतं, सकाळीच नेऊ," ती म्हणाली.

आम्हा दोघांनाही क्षणभर कळलं नाही.

"नितीनला. त्याचे डोळे बघा, म्हणलं व्हतं मी. तुम्ही म्हणलात, घाई कशाला."

दाजी बसल्या जागी हलले. अक्काचा आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता.

"तवापासून हे गिळून बसले मी. सगळे म्हणायचे, मंगल लई समजूतदार. मला तुमच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून पोरीजवळ झोपायला गेले. तुम्ही एकदा तरी विचारायचं व्हतं, मंगल, तुला माझा राग येतो का? एकदा तरी. तुम्ही तिकडं जाऊन तोंड लपवलं."

"व्हय, मी म्हणलं व्हतं, घाई कशाला," दाजी म्हणाले. "मीच म्हणलं व्हतं." आणि त्यांचा बांध फुटला. ओसरीच्या फरशीवर कपाळ टेकून तो माणूस असा रडू लागला की शेजारच्या अंगणातली बोलणी थांबली. मी उठून त्यांना धरायला गेलो. अक्काने मला हाताने अडवलं.

"रडू दे," ती म्हणाली. "तवाच रडायचं व्हतं." तिने स्वतः त्यांना हात लावला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली की त्या बायकांचं मला आज बोलता येत नाही, ते मी पुन्हा बोलेन. आणि ती बोललीही. पुढचे कितीतरी महिने, भाकरी थापता थापता, कपडे वाळत घालता घालता, तिने नवऱ्याला जे सुनावलं त्यातलं थोडं माझ्याही कानावर आलं. दाजी उठून गेले नाहीत. ऐकत बसायचे.

पुढच्या आठवड्यात मी दोघांना शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तपासणीची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी दिसत. दाजींनी उपरणं तोंडावरून घेतलं होतं, न जाणो कुणी लेण्यांत भेटलेलं निघायचं. आत एक समुपदेशक बाई होत्या, वयाने अक्काएवढ्याच. त्यांनी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. बाहेर आल्यावर दाजी मला नवलाने म्हणाले की बाईंनी लॉजचं थोडकंच विचारलं. झोप लागते का, भूक लागते का, जगावंसं वाटतं का, हेच जास्त विचारलं, आणि मुलगा कसा होता तेही विचारलं. त्यांनी दाजींना आजाराच्या डॉक्टरांबरोबर मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. या दुखण्यालासुद्धा डॉक्टर असतो, हे दाजींना तोवर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

अक्काला काही निघालं नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. तो दुसरा निकाल घेऊन आम्ही बसस्टँडवर वेरूळच्या गाडीची वाट बघत उभे होतो. दाजी पाण्याची बाटली भरायला गेले होते. मी सुटकेचा श्वास सोडला, ते अक्काला दिसलं असावं.

"बाईंनी मला विचारलं, नवऱ्याशी संबंध कधीपासून नाय," ती हळूच म्हणाली. धाकट्या भावाशी असं बोलताना तिची नजर गाड्यांच्या पाट्यांवर होती. "म्या सांगितलं, पोरगं गेल्यापासून. त्या म्हणल्या, त्यानंच वाचलात तुम्ही. ह्याला वाचणं म्हणायचं का रे?"

गाडी आली.

त्यानंतर दाजी पाचेक वर्षं जगले. ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. अक्काने त्यांना माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती ज्योतीजवळच झोपत राहिली, दाजी ओसरीवर. पण नितीनचं नाव घरात पुन्हा निघू लागलं. अक्का पेटीतून त्याचं दप्तर काढून उन्हात ठेवायची आणि दाजी त्याच्या वहीतली चित्रं बघत बसायचे. कधी दोघं त्याच्या एखाद्या खोडीवरून हुज्जतही घालत, की ती त्याने गणपतीत केली होती की दिवाळीत. डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही दाजींनी आपला पेला, ताट, टॉवेल वेगळा ठेवला. ज्योती चुकून त्यांच्या पेल्यातून पाणी प्यायली तर त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. ज्योतीला त्यांनी ती कळती झाल्यावर स्वतः सांगितलं. तिने काय म्हटलं ते बापलेकींतच राहिलं, पण पुढे त्यांच्या गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळायची.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. लेण्यांसमोर पाहुण्यांचे फोटो काढणारा अशोक नावाचा एक तरुण होता. त्याची बायको त्याला सोडून माहेरी गेली ती परत आली नाही. पोरगा प्यायला लागला, रात्री रात्री शहरात राहू लागला. हसून सगळ्यांना सांगायचा की मजा मारून आलो. दाजींनी ते हसणं ओळखलं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन स्वतःचं सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. आमच्या घराबाहेरच्या कुणाला सांगितलं ते एवढंच. आठवडाभरात ते सगळ्या वेरूळला कळलं. चहाच्या टपरीवर दाजींचा चहा प्लॅस्टिकच्या कपात येऊ लागला. बरोबरचे काही गाइड पाहुण्यांना त्यांच्याकडे जाऊ देईनात. ज्योतीच्या वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसेनात. अक्का संतापली. मीही संतापलो. वेरूळला जाऊन विचारलं की त्या पोराच्या तोंडाला कुलूप नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं का.

"माहीत व्हतं," दाजी म्हणाले. "ज्योतीचं तेवढं मनात आलं नाय, ते चुकलंच माझं. पण तो तपासून आला, मास्तर. काय निघालं नाय त्याला. दवाखान्यातल्या बाईंकडं जातोय आता."

मी म्हणालो, तुम्हाला लाज नाही वाटली त्याला सांगताना?

"वाटली ना. रोज वाटते. सकाळी उठलो की पैली तीच भेटते." ते टपरीकडे बघत होते. "मला वाटायचं, लाज लपवली की जाईल. लपवायलाच तर त्या जिन्यानं चढलो व्हतो मी. आता लपवायला जागा नाय राहिली, तर निदान पाय तरी तिकडं वळत नायत."

अशोक पुढे कधी त्यांना भेटायला आला नाही. दाजींनी त्याची वाटही बघितली नाही.

शेवटी त्यांना क्षयाने गाठलं. एचआयव्हीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली, तोवर त्यांच्या अंगात औषध पेलण्याइतकं काही उरलं नव्हतं. शेवटचे काही महिने अक्काने त्यांचं सगळं केलं. अंग पुसायची, पाठीला तेल लावायची. एकदा मी अचानक गेलो तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होती. मला बघून तिने डोकं खाली ठेवलं नाही. एका सकाळी, ज्योती शाळेला निघाली होती तेव्हा, ते गेले. ती दारातून परत फिरली.

दहाव्याला वेरूळच्या घरी नातेवाईक जमले होते. आमचे थोरले बंधू, दादा, ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की कावीळ झाली होती, उतरलीच नाही. ऐकणारे च् च् करून माना हलवत होते. त्यांतल्या बहुतेकांना खरं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. मी बंधूंच्या शेजारी बसून मान हलवत होतो. लांबच्या एका मामांनी विचारलं, कावीळ अशी इतकी वर्षं असते का?

अक्का आतून येऊन चौकटीत उभी राहिली. आमच्याकडे पुरुषांच्या बैठकीत अशी बाई येत नाही, त्यातून त्या दिवसांत तर नाहीच.

"कावीळ नव्हती, दादा," ती म्हणाली. "नितीन गेला तवाच ते आजारी पडले. आजार तो व्हता. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं. आपल्याला कुणाला दिसलं नाय, मलाबी नाय."

मामांनी टोपी सारखी केली. दादा खाली सतरंजीकडे बघत राहिले, मी माझ्या हातांकडे. अक्का आणखी थोडा वेळ तशीच उभी होती, कुणी पुढे काही विचारतंय का ते बघत. मग आत जाऊन तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि ज्योतीला पानं घ्यायला सांगितलं. त्या ओसरीवर पुन्हा कुणी काविळीचं नाव काढलं नाही. खरं नावही कुणी घेतलं नाही.